कार्ड घ्या, पण पिकाचा हिशेब मांडून

खरेदीवर काही पैसे परत देणारे ‘कॅशबॅक’ कार्ड आता खेड्यातही पोचले आहे. ते घेण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी बसून हिशेब मांडावा.

शेकडा १ रुपया परत मिळत असेल, तर १०,००० रुपयांच्या खरेदीवर १०० रुपये मिळतात. पण बिल मुदतीत पूर्ण भरले नाही, तर अनेक कार्डांवर महिन्याला शेकडा ३ रुपयांहून अधिक व्याज चढते. म्हणजे १०० आले आणि ३०० गेले! नुसती ‘किमान रक्कम’ भरून व्याज थांबत नाही. वार्षिक फी किती आणि कोणत्या खरेदीवर परतावा नाही, हेही आधी विचारावे.

बिल दरमहा येते. सोयाबीनचा पैसा मात्र पेरणीनंतर चारेक महिन्यांनी हाती येतो. म्हणून बियाणे-खतांसाठी १९९८ साली सुरू झालेले किसान क्रेडिट कार्डच बरे. त्यावर ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के व्याज असून वेळेवर फेडल्यास ३ टक्के सूट मिळते. वर्षभराच्या लाखभर कर्जावर ३,००० रुपये वाचतात. शेतकऱ्याचा खरा परतावा हाच!

दुधाचा किंवा पगाराचा पैसा ज्या घरी नियमित येतो, त्यांनी कॅशबॅक कार्ड किराण्यापुरते जरूर वापरावे. बिल मात्र दरमहा पूर्ण चुकते करावे.