रुग्ण घरी आल्यानंतर

काशीचा शिंदे घाट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंदे यांनी तो बांधविला. पुढे आपल्याच भाराने तो खचला व पुन्हा बांधावा लागला. त्याच्या उंच पायऱ्या धडधाकट माणसालाही दम आणतात.

वाचकहो, ह्या घाटावरील गल्लीत राहणाऱ्या व नित्य गंगास्नान करणाऱ्या एखाद्या मराठी गृहस्थाची कल्पना करा. अपघातात डोक्याला जबर मार लागून ते महिन्याभराने इस्पितळातून घरी आले आहेत. जखम भरली, पण सकाळी ते खाटेवर बसूनच राहतात, आत्ता सांगितलेले विसरतात, क्षुल्लक कारणाने संतापतात. घरच्यांना वाटते, हे आळशी झाले. तसे समजणे चुकीचे होय. मेंदूच्या पुढील भागाला इजा झाली, की काम येत असूनही ते आपण होऊन सुरू करण्याची शक्ती मंदावते.

मग पत्नी घास भरविते, मुलगा सदऱ्याची बटणे लावतो. ही माया खरी. परंतु तिच्यामुळेच माणूस कायमचा परस्वाधीन होतो. सदरा रोज एकाच खुंटीवर ठेवावा, एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि मग थांबावे. हे थांबणेच सर्वांत अवघड! पाच मिनिटे लागली तरी बटण त्यांचे त्यांनाच लावू द्यावे. दिवसाचा क्रम मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहावा. वाचेवर परिणाम झाला असेल, तर घरची मराठी व बाजारातली हिंदी सारख्याच वेगाने परततील असे नाही. जी आधी येईल तीत बोलावे.

हे किती दिवस चालावयाचे? सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते, पुढे वर्षानुवर्षे सावकाश होत राहते. १९६२ साली बार्बाडोस येथे क्रिकेटचे कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांची कवटी चेंडूच्या आघाताने फुटली. फ्रँक वॉरेल, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी त्यांना रक्त दिले. सुमारे दहा महिन्यांनी ते पुन्हा मैदानावर उतरले. कसोटी सामना मात्र पुन्हा लाभला नाही. एवढीही झेप प्रत्येकाला साधत नाही.

आता गंगास्नान. फेफऱ्याचा धोका असेल, तर पाण्यात एकट्याने मुळीच उतरू देऊ नये. पण म्हणून घाटच बंद करू नये. डॉक्टरांच्या संमतीने वरच्या कोरड्या दहा पायऱ्यांपासून आरंभ करावा व स्नान तांब्याने घालावे. चढताना आधी बळकट पाय, उतरताना आधी दुबळा. सोबत्याने नेहमी एक पायरी खाली राहावे. घाटावरील नावाड्यांना त्यांची ओळख करून द्यावी. म्हणजे पुढे कधी ते एकटे येऊन वरच्या पायरीवर बसले, तर कोणी त्यांना उगाच हात धरून घरी आणून सोडणार नाही.