पिसांचा टोप आणि डब्यांची झाकणं



मागच्या हिवाळ्यात आमच्या गटाला एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची ऑर्डर मिळाली. दहा पोशाख ‘रेड इंडियन’ नाचाचे, दहा ‘आदिवासी’ नाचाचे. नमुने मोबाइलवर आले. एका फोटोत रंगीत पिसांचा टोप, दुसऱ्यात कमरेला गुंडाळलेली पानं. आम्ही मापं घेत होतो, तेवढ्यात गटातली वारली ताई हळूच म्हणाली, “आमच्यात असं कोण नेसतं गं? माझी आजी गुडघ्यापर्यंत लुगडं नेसायची.”

सगळ्या गप्प झालो. शेजारी बसणाऱ्या ताईचाच पोशाख आम्हाला नीट ठाऊक नव्हता, मग अमेरिकेतल्या बायकांचा कुठून असणार? म्हणून माहिती काढली. तीच आज सांगतो आहोत.

आधी नाव. आपण हिंदुस्थानाकडे पोचलो असं कोलंबसला वाटलं, म्हणून तिथले मूळ रहिवासी ‘इंडियन’ झाले. खरं तर ते एक लोक नाहीत. अमेरिकी सरकारची मान्यता असलेल्या जमातीच ५७० हून अधिक आहेत. प्रत्येकीची भाषा, रीत, कपडा वेगळा. गरुडाच्या पिसांचा मोठा टोप मैदानी भागातल्या लाकोटांसारख्या काही जमातींचा. तो हौसेने घालायचा नसतो, मोठं काम करून त्याचा मान मिळवावा लागतो. पण हॉलिवूडच्या सिनेमांनी सरसकट सगळ्यांच्या डोक्यावर तोच चढवला आणि जगाने तेच खरं मानलं. २०१२ साली एका मोठ्या कंपनीने अंतर्वस्त्रांच्या फॅशन शोमध्ये मॉडेलला असा टोप घातला. मूळ रहिवाशांनी जोरदार हरकत घेतल्यावर कंपनीला माफी मागावी लागली.

मग जुनं आहे तसंच ठेवायचं, काही बदलायचंच नाही का? तसंही नाही. ओजिब्वे बायकांचा एक नाचाचा पोशाख आहे. त्यावर पत्र्याच्या छोट्या नळकांड्यांच्या ओळी शिवलेल्या असतात आणि पाऊल टाकलं की त्या छुमछुम वाजतात. तो शंभर वर्षांपूर्वीचा, १९१८च्या तापाच्या साथीच्या सुमाराचा. एका आजारी मुलीच्या घरच्या वडीलधाऱ्याला हा पोशाख आणि नाच स्वप्नात दिसला, तो करून मुलगी बरी झाली, असं ते लोक सांगतात. नळकांड्या कशाच्या? तंबाखूच्या डब्यांची झाकणं वळून केलेल्या! डबे बाजारातले, तरी पोशाख त्यांचाच झाला. आजही तो दुखण्यातून बरं होण्यासाठीचा पोशाख मानतात.

मण्यांचंही तसंच. पूर्वी त्या बायका साळिंदराच्या काट्यांनी नक्षी करायच्या. व्यापाऱ्यांबरोबर युरोपातून काचेचे मणी आले आणि त्यांनी ते आपल्या नक्षीत बसवले. आजच्या मुली त्याच मण्यांनी सिनेमातली, कार्टूनमधली पात्रं विणतात. काही जुन्या माणसांना ते रुचत नाही, घरात वाद होतात. पण तो वाद त्यांच्या घरातला आहे, निर्णयही त्यांचाच.

बाहेरचा माणूस त्यांचं नाव लावून माल विकतो, ती गोष्ट मात्र वेगळी. बाहेर बनवलेली वस्तू ‘इंडियन’ कारागिरांची म्हणून विकणं अमेरिकेत १९९०च्या कायद्याने गुन्हा आहे. कपड्यांच्या एका साखळी दुकानाने ‘नावाहो’ नावाने माल विकला, तेव्हा नावाहो लोकांनी २०१२ मध्ये कोर्टात दावा लावला. २०१६ मध्ये तडजोड झाली. आपल्याकडे पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागचा विचार असाच. यंत्रमागावरची नक्कल ‘येवल्याची हातमागाची’ म्हणून खपवली, की गिऱ्हाईक फसतं आणि विणकराच्या पोटावर पाय येतो.

यातून आम्ही स्वतःपुरते तीन प्रश्न ठरवले. हा पोशाख नेमका कोणाचा? तो रोजचा, सणाचा की मानाचा? आणि यातून पैसा कोणाला मिळणार? मानाची वस्तू असेल तर ती खेळणं म्हणून शिवायची नाही. बाकी नक्षी, रंग, नवी फॅशन, यांना आमची ना नाही. आम्हीही चेन लावलेली शिवलेली नऊवारी विकतोच की!

शाळेत जाऊन आम्ही बाईंना हे सांगितलं. पानांचा पोशाख त्यांनी लगेच रद्द केला. ताईने मुलींना लुगडं नेसवलं, तारप्याच्या नाचाची पावलंही शिकवली. पिसांचे टोप मात्र कार्यक्रमात ठरून गेले होते. ते काम दुसरीकडे गेलं आणि आमचे तेवढे पैसे बुडाले. गटात त्यावरून कुरकुर झाली, खोटं कशाला सांगायचं? पण संमेलनाच्या दिवशी ताईची मुलगी आजीचं लुगडं नेसून पहिल्या रांगेत नाचली. ताई म्हणाली, “आज पहिल्यांदा आमचा नाच आमच्यासारखा दिसला.”

तुमच्या गावातल्या संमेलनात आदिवासी नाच ठरला, तर कपडे शिवण्याआधी पाड्यावरच्या एखाद्या आजीला जरूर विचारा.