साडेतीन शहाण्यांतला अर्धा

कुणा पुढाऱ्याने रातोरात पक्ष फोडून सकाळी शपथविधी उरकला, की वृत्तपत्रे त्याला ‘चाणक्य’ ही पदवी बहाल करतात. आणि ज्यांना तो प्रकार रुचत नाही, ते त्याच गृहस्थाची ‘मॅकियाव्हेली’ म्हणून संभावना करतात. पदवी आणि शिवी यांत अंतर फारसे नाही. राज्य करणे म्हणजे युक्ती लढविणे, ही एकच समजूत दोहोंच्या मुळाशी आहे. नाना फडणिसांना इंग्रज लेखकांनी ‘मराठ्यांचा मॅकियाव्हेली’ ठरविले, आणि आपणही ती बिरुदावली कधी अभिमानाने, कधी खजील होऊन मिरवीत आलो. या तुलनेने दोघांवरही अन्याय झाला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निकोलो मॅकियाव्हेली हा राजा नव्हता, सेनापती नव्हता. फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाचा तो एक पगारी चिटणीस होता. १४६९ साली त्याचा जन्म झाला, १४९८ मध्ये तो चाकरीत शिरला आणि १५१२ मध्ये मेडिची घराणे परत सत्तेवर येताच त्याची नोकरी गेली. पुढच्याच वर्षी कटाच्या संशयावरून त्याला तुरुंगात टाकण्यात आले. हात पाठीमागे बांधून दोराने वर टांगण्याची शिक्षा त्याने भोगली. सुटकेनंतर गावाबाहेरच्या शेतघरात बसून त्याने ‘द प्रिन्स’ लिहिला तो १५१३ साली, म्हणजे अल्बुकर्कने गोवा घेतल्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी. पुस्तक छापले गेले १५३२ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, आणि १५५९ साली रोमच्या धर्मपीठाने त्याचे सर्वच लेखन निषिद्ध ठरविले. ज्याचे नाव कपटाचा पर्याय होऊन बसले, त्या माणसाला स्वतःची नोकरी काही कपटाने परत मिळविता आली नाही!

राज्य राखायचे तर राजाला प्रसंगी वचन मोडावे लागते, क्रौर्यही करावे लागते, हे त्याने लिहिले, यात शंका नाही. ते वाचून अंगावर शहारा येतो आणि तो येणेच योग्य. परंतु त्याच पुस्तकात तो तितक्याच आग्रहाने आणखी एक गोष्ट सांगतो, ती मात्र उद्धृत होत नाही. दुसऱ्याच्या तलवारीवर विसंबणारे राज्य टिकत नाही, मग ती तलवार भाडोत्री असो वा मित्राची. १५०६ साली त्याने स्वतः खटपट करून फ्लॉरेन्सचे शेतकरी-सैन्य उभे केले, १५०९ मध्ये त्या सैन्याच्या बळावर पिसा परत घेतले गेले; आणि १५१२ मध्ये तेच सैन्य प्रातो येथे पळाले. तरीही त्याचा सिद्धान्त ढळला नाही. लिव्हीच्या रोमन इतिहासावरील आपल्या थोर विवेचनात तर तो प्रजासत्ताकाचा पुरस्कर्ता म्हणूनच उभा राहतो. राज्याचा आधार एका शहाण्या माणसाचे आयुष्य नव्हे, त्याच्या पश्चात चालेल अशी व्यवस्था होय, असे तेथे तो बजावतो.

या कसोटीवर आता वेळासच्या भानूंच्या वंशजाला लावून पाहू. बाळाजी जनार्दन १७४२ मध्ये जन्मला, पानिपताहून जिवानिशी परतला, आणि १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाल्यावर बारभाईंच्या कारभारात पुढे आला. १७८० साली निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले यांची इंग्रजांविरुद्ध मोट बांधणे हे त्याचे कर्तृत्व युरोपातल्या कोणत्याही मुत्सद्द्याला भूषणावह ठरले असते. तरीही मराठी माणसाने साडेतीन शहाणे मोजताना सखारामबापू, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर यांना पूर्ण धरले, नानांना मात्र अर्धे. का, तर ते शिपाई नव्हते. फ्लॉरेन्सच्या चिटणिसाने ग्रंथभर जे मांडले, ते आमच्या लोकोक्तीने अर्ध्या अंकात सांगून टाकले.

१५०२ साली चेझारे बोर्जाने रोमान्या प्रांतात रामिरो नावाचा निर्दय अधिकारी नेमून जरब बसविली, आणि काम होताच एके सकाळी त्याचेच दोन तुकडे चेझेनाच्या चौकात लोकांपुढे टाकले. मॅकियाव्हेलीने हा प्रसंग प्रशंसेने नोंदविला आहे. १७९१ मध्ये पुण्याच्या कोतवालाच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, जमाव खवळला आणि घाशीराम लोकांच्या दगडांखाली ठार झाला. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या तेंडुलकरांच्या नाटकातले नाना बोर्जाच्या जातीचे आहेत: घाशीरामला चढविणारे तेच, उतरविणारे तेच. नाटककाराला ते स्वातंत्र्य आहेच आणि ते नाटक सत्तेविषयी खोटे काही सांगत नाही. पण इतिहासातले नाना त्या दिवशी डाव टाकीत नव्हते; चिडलेल्या गर्दीपुढे त्यांना नमावे लागले. बोर्जाने भीती निर्माण केली, नानांनी ती अनुभवली.

तलवार होती ती शिंद्यांकडे. आज नानाखेड्याच्या बसस्थानकावर उतरून महाकालाकडे निघालेल्या यात्रेकरूला जे उज्जैन लागते, ते तेव्हा शिंद्यांची राजधानी होते. महाकालाचे मंदिरही त्यांच्याच दिवाणांनी, रामचंद्रबाबा सुखटणकरांनी, नव्याने उभारले. (गावाच्या नावातील ‘नाना’वरून कुणी तर्क लढवू नये.) महादजींचे बळ डी बॉयन या सव्हॉयच्या सरदाराने शिकविलेल्या पलटणींत होते. म्हणजे पुण्याच्या बुद्धीला स्वतःची फौज नव्हती आणि उज्जैनच्या फौजेचे अंमलदार परके होते. महादजी आणि नाना एकमेकांना पुरते ओळखून होते, म्हणून हा संसार कसाबसा निभावला. १७९४ मध्ये वानवडीला महादजी वारले. पुढच्या वर्षी सवाई माधवरावांचा शेवट झाला. मग मसनदीसाठी जो खेळ सुरू झाला, त्यात नानांनी इतक्या वेळा बाजू बदलली की, त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणारा उरला नाही, आणि विश्वासावाचून नुसती बुद्धी काय कामाची?

३१ डिसेंबर १७९७ रोजी नाना दौलतराव शिंद्यांच्या छावणीत भेटीस गेले ते मिखाएल फिलोज या शिंद्यांच्या अंमलदाराने सुखरूप परतीचे वचन दिले म्हणून. त्याने ते वचन मोडले आणि नाना कैदेत पडले. हा फिलोज मूळचा नेपल्सचा, म्हणजे इटालियनच! मॅकियाव्हेली कोणी वाचला असेल तर तो त्याने, अशी थट्टा करण्याचा मोह होतो.

नाना सुटले, कारभारावरही आले, आणि १३ मार्च १८०० रोजी वारले. त्यांच्याबरोबर मराठी राज्यातील शहाणपण आणि संयम संपला, असे पुण्याचा इंग्रज वकील पामर याने लिहिले. पामरची ही प्रशस्ती आपण अभिमानाने उगाळतो. पण एका माणसाबरोबर संपणारे शहाणपण राज्याचे कसे म्हणावे? वर्ष-सव्वा वर्षात, जुलै १८०१ मध्ये, यशवंतराव होळकरांनी उज्जैनपाशी शिंद्यांच्या पलटणी मोडल्या. त्यांचा सेनानी हेसिंग नावाचा युरोपियन होता. शहर लुटले गेले. ऑक्टोबर १८०२ मध्ये पुण्याच्या वेशीवर तेच घडले, आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने आमच्या या किनाऱ्यावर, वसईला, इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेण्याच्या कागदावर सही केली.