ढगांची उफणणी

खळ्यावर उफणताना पाटी वाऱ्यावर धरली की टपोरा दाणा पायाशी पडतो आणि भूस लांब जाते. ढगाचेही काहीसे असेच असते.

पाण्याचे सगळे कण एका वजनाचे नसतात. पाण्यातील प्राणवायूचे अणुभार १६ असते, पण दर पाचशे अणूंत एखादा १८ भाराचा निघतो. यांना समस्थानिके म्हणतात. नाव ऐकून कोणी अणुबॉम्ब आठवतो, पण या दोन्हींत किरणोत्सर्ग नाही. हे पाणी आपण रोज पितो.

वाफेचे थेंब होताना जड कण आधी थेंबात उतरतात. समुद्रावरून आलेला ढग सह्याद्री चढताना थंड होतो आणि बरसतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, सांगोल्याला जेमतेम पाचशे. घाटावर जड माल उतरवून आलेली वाफ हलकी झालेली असते. हिमालयात जसजसे उंच जावे तसतसा बर्फ हलका मिळतो, तो याच कारणाने. १९५२ साली डेन्मार्कच्या विली डान्सगार्ड यांनी बागेत बिअरच्या बाटलीवर नरसाळे ठेवून पाऊस धरला. एकाच पावसाचे पाणी तासातासाला बदलते, हे त्यांना दिसले.

माणदेशात मात्र एक गोम आहे. खालची हवा कोरडी असली की बारीक सर पडता पडताच सुकते. हलके कण आधी उडतात आणि उरलेला थेंब पुन्हा जड होतो. म्हणून एकाच सरीच्या पाण्यावरून ढगाचा प्रवास सांगू नये.

हेच उघड्या तळ्यातही घडते. उन्हाने पाणी आटते तसे मागे राहिलेले जड होत जाते, आणि ती खूण विहिरीपर्यंत टिकते. पाझर तलावाखालच्या विहिरीला खरोखर तलावाचे पाणी येते, की पावसाचे थेट मुरलेले, हा वाद गावोगाव असतो. डाळिंबाच्या बागेसाठी आणखी एक बोअर घेऊन कर्ज अंगावर घ्यायचे की नाही, हे त्यावर ठरते. प्राणवायू आणि हायड्रोजन दोन्हींची समस्थानिके मोजली तर उत्तर बरेच स्पष्ट होते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा तपासण्या केल्या आहेत. एकट्या शेतकऱ्याला ते परवडणारे नाही. गावाने मिळून भूजल खात्यामार्फत मागणी करावी.

नमुना देताना विहीर, तलाव आणि पाऊस अशा तिन्हींचे पाणी वेगवेगळे घ्यावे. बाटली काठोकाठ भरावी, आत हवा ठेवू नये, बूच घट्ट लावून सावलीत ठेवावी. अर्धी भरलेली बाटली उन्हात राहिली, तर आतले पाणीही बदलते.