जर्नल म्हणजे रोजनिशीच नव्हे
क्वेकर हा सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयाला आलेला ख्रिस्ती पंथ. त्यातल्या स्त्रियांची ‘जर्नल’ म्हणजे रोज लिहिलेल्या डायऱ्या, असा समज सर्रास आढळतो. काहींनी रोजच्या नोंदी ठेवल्याही. पण जर्नल बहुधा आत्मनिवेदन (साधनेची मागे वळून सांगितलेली हकीकत) असते.

मराठवाड्यातल्या धर्माबादच्या मिरची बाजारातली आडत (दलालीची पेढी) आठवा. रोजकीर्दीत (दिवसाच्या व्यवहारांची वही) नोंदी तारखेनुसार पडतात. खतावणीत एकेका खात्याचा हिशेब एकत्र मांडला जातो. जर्नल खतावणीच्या जातीचे.

अशा आत्मनिवेदनाचे जवळचे उदाहरण मराठवाड्यातच आहे. देवगाव रंगारीत जन्मलेल्या, शिऊरच्या संत बहिणाबाईंनी (१६२८–१७००) आपले आयुष्य अभंगांतून सांगितले. कोल्हापुरात कीर्तनाला मागोमाग येणारे वासरू, नवऱ्याची मारहाण, तुकोबांचा स्वप्नातला उपदेश. त्यात दिनक्रम नाही, साधनेतली वळणे आहेत.

परंपरागत क्वेकर सभेत पुरोहित नसतो. सारे शांत बसतात. आतून प्रेरणा झाली तर स्त्रीही उठून बोलते. जर्नलमध्ये असे क्षण ठळक येतात. मधले कित्येक दिवस गाळलेले दिसले, म्हणून ते लेखन अपुरे ठरत नाही.