ठिपका कुणाचा?

१९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली आणि दोनच वर्षांत उत्तर अटलांटिकमध्ये आंतरराष्ट्रीय हिम-गस्त रीतसर उभी राहिली. कित्येक दशके तिची सारी भिस्त माणसाच्या डोळ्यांवर होती. आधी जहाजावरून, दुसऱ्या महायुद्धानंतर विमानातून. पण कॅनडाच्या न्यूफाउंडलंडलगतच्या समुद्रात हिमनग आणि धुके यांचा हंगाम एकच. डोळे असून नसल्यासारखे.

१९७८ मध्ये नासाच्या सीसॅट उपग्रहाने अवकाशातून रडार लावून समुद्र न्याहाळला. ढग, धुके, अंधार, कशाचीच आडकाठी नाही. साडेतीन महिन्यांत वीजयंत्रणा बिघडून तो बंद पडला, पण वाट दाखवून गेला. १९९१ मध्ये युरोपचा ईआरएस-१ आला, १९९५ मध्ये कॅनडाचा रडारसॅट.

शांत पाण्यावर आदळलेल्या रडारलहरी पलीकडे निघून जातात, म्हणून समुद्र काळा दिसतो. खडबडीत हिमनगावरून काही लहरी माघारी येतात आणि पांढरा ठिपका उमटतो. वारा सुटला की लाटाही चमकू लागतात. मग शोधा ठिपका!

खरा फरक पडला तो माझ्या मते २०१४ नंतर, युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहांच्या प्रतिमा सर्वांना फुकट मिळू लागल्यावर. जुलै २०१७ मध्ये अंटार्क्टिकाच्या लार्सन-सी हिमफलकापासून ए-६८ हा हिमनग सुटला, तेव्हा तिथे ध्रुवीय हिवाळ्याचा काळोख होता. तरी तडा रडारला दिसला. क्षेत्रफळ सुमारे ५,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दीडपट. वर्तमानपत्रांनी असल्या धेंडांचेच कौतुक केले. जहाजांना धास्ती असते ती लहान तुकड्यांची, आणि नेमके तेच निसटतात.

शिवाय जहाजाचाही ठिपकाच दिसतो. २०१७ मध्येच न्यूफाउंडलंडमधील सी-कोर ही संशोधन संस्था आणि नॉर्वेची तेलकंपनी स्टॅटऑइल यांनी हा पेच जाहीर स्पर्धेत मांडला. प्रत्येक प्रतिमा अवघी ७५ बाय ७५ पिक्सेलची. मधोमध एक उजळ डाग, भोवती करडी खरखर. एकच दृश्य रडारलहरींच्या दोन ध्रुवणांत दिलेले, आणि त्यावरून संगणकाने ओळखायचे: जहाज की हिमनग? तीन हजारांवर संघ उतरले.

डिसेंबर २०२१ मध्ये सेंटिनेल-१बी निकामी झाला. त्याच्या जागी १सी उडायला डिसेंबर २०२४ उजाडले. या नव्या उपग्रहावर रडारसोबत जहाजांचे एआयएस (स्वयंचलित ओळख) संदेश टिपणारा अँटेनाही बसवला आहे. ठिपक्याच्या जागेवरून जहाजाने आपले नाव कळवले, तर तो हिमनगांच्या यादीतून तिथेच वगळता येतो.