न घासण्याची किटली

घासूनपुसून लख्ख केलेली भांडी ही आपल्याकडे गृहिणीच्या दक्षतेची खूण मानली जाते. जपानमधील एक भांडे मात्र नेमके याच दक्षतेने बिघडते. ते म्हणजे तेत्सुबिन, अर्थात बिडाची ओतीव किटली. शंभर-दीडशे वर्षांची, बाहेरून देखणी अशी किटली हौसेने विकत घेतली जाते, आतला पांढुरका-तांबूस थर पाहून तारेच्या घासणीने खरवडली जाते आणि एका दुपारीत तिचे अर्धे आयुष्य संपते.

तेत्सुबिन चहाची किटली म्हणून ओळखली जात असली, तरी तिच्यात चहा करीत नाहीत. तिचे काम एकच, पाणी उकळणे. चहाची पाने वेगळ्या, बहुधा मातीच्या भांड्यात पडतात. ज्या घरांत पाणी गाळून व उकळून पिण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांना केवळ पाण्यासाठी राखून ठेवलेल्या भांड्याचे नवल वाटणार नाही.

ईशान्य जपानमधील मोरिओका हे या कलेचे मोठे केंद्र. तेथील नांबु घराण्याच्या सरंजामदारांनी सतराव्या शतकात क्योतोहून ओतारी आणवले. लोखंड, वाळू, माती आणि कोळसा त्या मुलखात होताच. आरंभी चहा-समारंभासाठी 'कामा' नावाची, तोटी नसलेली पातेली होत. अठराव्या शतकात कोइझुमी घराण्यातील तिसऱ्या पिढीच्या कारागिराने तिला लहान करून तोटी आणि कडी जोडली, अशी तेथील परंपरा सांगते. त्याच सुमारास सुट्या पानांचा चहा विद्वानांत आणि व्यापाऱ्यांत रुजत होता; किटलीला गिऱ्हाईक मिळाले. पुढे क्योतोच्या र्‍युबुन्दो घराण्याने मेणाच्या साच्यातून ओतलेल्या, सोन्या-चांदीचे जडावकाम केलेल्या आणि कांस्याचे झाकण असलेल्या किटल्या घडवल्या. आज संग्राहक ज्यांच्या मागे धावतात त्या बहुतेक याच वळणाच्या. साहजिकच नामांकित घराण्यांच्या नावाच्या नकलाही बाजारात भरपूर आहेत.

अंगावरचे गारांसारखे उठावदार ठिपके, 'अरारे', ही तिची सर्वांत परिचित नक्षी. साच्याची माती ओली असतानाच कारागीर आतून एकेक ठिपका दाबतो. काही जुन्या कड्या भरीव नसून पत्रा वळवून पोकळ केलेल्या असतात, आणि काहींवर किडीने खाल्ल्यासारखी भोके मुद्दाम पाडलेली दिसतात. बाहेरच्या लेपाविषयी आपल्या वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगण्याजोगी आहे. आपल्याकडची लाख किड्यांपासून मिळते. जपानी 'उरुशी' हा झाडाचा चीक असतो.

खरी गोम मात्र आत आहे. नांबु पद्धतीत ओतून झालेली किटली कोळशाच्या भट्टीत पुन्हा लालभडक तापवतात. त्यामुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा काळसर पापुद्रा धरतो, आणि तोच गंजाला अडवतो. वापरता वापरता पाण्यातील क्षारांचा पांढरा थर त्यावर बसतो. जपानी लोक त्याला 'युआका' म्हणतात आणि जपतात. घासणीने हे दोन्ही निघून जातात, उघडे बीड उरते. आत तांबूस डाग दिसले तरी उकळलेले पाणी स्वच्छ असेल, तर काही करायचे नसते. पाणी लालसर आले तर हिरव्या चहाची पाने तेवढ्यापुरती तिच्यात उकळतात. पानांतील टॅनिन गंजाशी संयोग पावून काळा थर धरते.

खरेदी करताना झाकण उचलून आत पाहावे. काचेसारखा गुळगुळीत मुलामा आणि जाळी दिसली, तर ती चहा मुरवण्याची भांडी. ती विस्तवावर ठेवायची नसतात, पण तेत्सुबिन या नावाखाली सर्रास विकली जातात.

दुसऱ्या महायुद्धात जपानी सरकारने घराघरांतून धातूच्या वस्तू गोळा केल्या. कित्येक किटल्या तेव्हा वितळल्या. 1975 मध्ये नांबुच्या लोखंडी भांड्यांना शासनाने पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला, आणि मोरिओकात आजही हे ओतकाम चालते.

वापरानंतर करायचे ते थोडेच. उरलेले पाणी गरम असतानाच ओतून टाकायचे आणि झाकण काढून ठेवायचे. किटली आपल्याच उष्णतेने कोरडी होते. आत फडके लावायचे नाही.